गोठा, चित्रवही आणि नोंदवही

आपल्या निवासी शाळेतील आठवी आणि नववीचे विद्यार्थी आठवड्यातून एक तास चित्रवही व नोंदवही घेऊन जवळपासच्या गोठ्यात, शेळ्यांच्या वाड्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसतात. तेथे ते चारा घालत नाहीत, शेण काढत नाहीत, धारही काढत नाहीत. ते पाहतात, रेखाटतात आणि मोजतात. या तासाला चित्रकलेचे आणि विज्ञानाचे असे दोन्ही शिक्षक उपस्थित असतात. इतिहास शिकवणारा म्हणून मीही कुतूहलाने जाऊ लागलो आणि आता तो तास सहसा चुकवत नाही.

या उपक्रमावर पालकांकडून एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. मुलाच्या हातातली गुरे राखण्याची काठी सुटावी म्हणून आम्ही त्याला वसतिगृहात ठेवले; तुम्ही त्याला पुन्हा गोठ्याकडेच का नेता, असे ते विचारतात. ज्या समाजावर मेलेली जनावरे ओढण्याचे काम शतकानुशतके लादले गेले आणि ज्या समाजाने १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांच्या आवाहनानुसार मृतमांस सोडण्याचा निर्धार केला, त्या समाजाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू दुहेरी आहे. चित्र आणि शास्त्र यांची सांगड घालून पाळीव जनावरांचे वर्तन कसे शिकता येते हे माजी विद्यार्थी व पालक यांना समजावून सांगावे, आणि त्या ओघात या आक्षेपाचाही विचार करावा.

पाहण्याचे शास्त्र

जनावरे काय करतात, कशी करतात आणि का करतात याचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या शास्त्राला प्राणिवर्तनशास्त्र म्हणतात. कार्ल फॉन फ्रिश, कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या तिघांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि या शास्त्राला जगन्मान्यता लाभली. त्यांची मुख्य साधने होती डोळे, वही आणि धीर. खर्चिक प्रयोगशाळा नसलेल्या शाळेला ही बाब मोठा दिलासा देणारी आहे.

टिनबर्गन यांनी १९६३ साली असे मांडले की, कोणत्याही वर्तनाविषयी चार प्रश्न विचारावेत. ते आत्ता कशामुळे घडते? ते त्या जनावराच्या आयुष्यात कसे विकसित होते? त्याचा उपयोग काय? आणि त्याचा पूर्वेतिहास काय? आपण हे चार प्रश्न कोंबडीच्या धूळस्नानावर शिकवतो, कारण ते दृश्य प्रत्येकाने पाहिलेले असते. कोंबडी भुसभुशीत मातीत खळगा करते, अंग टाकते, पंखांनी धूळ उडवून ती पिसांत खोलवर जाऊ देते आणि शेवटी उठून सर्वांग झटकते. ऊन, कोरडी माती आणि पिसांवर साठलेला तेलकटपणा यांमुळे ही क्रिया सुरू होते. आईवाचून वाढलेली पिल्लेही थोड्याच दिवसांत ती करू लागतात. जास्तीचे तेल शोषले जाऊन पिसे मोकळी व स्वच्छ राहतात, हा तिचा उपयोग. आणि पाळीव कोंबडीचा पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडाही असाच धुळीत लोळतो, हा तिचा इतिहास. तारेच्या पिंजऱ्यात वाढवलेल्या कोंबड्या खाली मातीचा कण नसतानाही रिकाम्या जाळीवर धूळस्नानाच्या सर्व हालचाली करतात, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. हे ऐकल्यावर वर्ग काही क्षण गप्प होतो. गरज म्हणजे काय आणि ती हिरावली जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

चित्र कशासाठी?

येथे कोणी विचारेल, की नोंदी ठेवल्या म्हणजे पुरे. त्यात चित्रकलेचे काय काम? याचे उत्तर पहिल्याच तासाला मिळते. मुलांना वर्गातच, गोठ्यात न जाता, उठणारी गाय काढायला सांगतात. घरी गुरे असलेली मुलेही अनेकदा गाय पुढच्या पायांवर आधी उभी करतात. मग गोठ्यात जाऊन पाहिले, की सर्वांच्या लक्षात येते की गाय आधी मागचा भाग उचलते. त्या वेळी तिचे पुढचे पाय गुडघे टेकल्यासारखे असतात. त्यानंतर ती पुढचा एकेक पाय रोवून उभी राहते. घोड्याचे नेमके उलट आहे, तो पुढून उठतो. गाय बसताना मात्र आधी पुढचे पाय दुमडते.

रोज डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट आपण पाहिलेली असते, पण तिच्याकडे लक्ष दिलेले नसते. पेन्सिल हातात आली, की प्रत्येक रेषेपाशी निर्णय करावा लागतो. पाय येथे की तेथे? मान वर की पुढे? या निर्णयांसाठी पुन्हा पाहावे लागते. गाय मागचा भाग उचलण्याआधी मान पुढे झोकते, हे चित्र काढतानाच उमगते. आणि मग गव्हाण अगदी तोंडाशी असेल किंवा दावे आखूड असेल तर तिला उठायला त्रास का होतो, हा विज्ञानाचा व व्यवस्थापनाचा प्रश्न आपोआप पुढे येतो. चित्रातून प्रश्न निघतो, नोंदीतून त्याचे उत्तर तपासले जाते, आणि ते उत्तर पुढचे चित्र सुधारते. या तासाची पद्धत एवढीच आहे.

इतिहासाची साक्ष

जनावर चालताना काढणे हे त्याहून कठीण. गाय चालते तेव्हा पायांचा एक ठरलेला क्रम असतो: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात की नाही, हा वाद एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली अमेरिकेत ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांनी मिटवला. पाय सुटतात खरे, पण चित्रकार दाखवत आले होते तसे पुढे-मागे पसरलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. नावाजलेल्या चित्रकारांची कित्येक चित्रे त्या दिवशी चुकीची ठरली.

याहूनही उद्बोधक असा एक अभ्यास हंगेरीतील संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. चतुष्पाद प्राण्यांच्या चालीची सुमारे हजार चित्रे व शिल्पे त्यांनी तपासली. मायब्रिजपूर्व आधुनिक कलाकृतींत पायांची ठेवण चुकल्याचे प्रमाण सुमारे ८४ टक्के होते. मायब्रिजनंतर ते सुमारे ५८ टक्क्यांवर आले. आणि प्रागैतिहासिक गुहाचित्रांत ते केवळ ४६ टक्क्यांच्या आसपास होते. शाळा न पाहिलेला, अक्षर न ओळखणारा गुहेतील चित्रकार जनावराची चाल नंतरच्या कसबी चित्रकारांहून अचूक जाणत होता. त्याचे जगणे त्या जनावरावर अवलंबून होते, म्हणून त्याचे पाहणे खरे होते. ही बाब मी मुलांना मुद्दाम सांगतो, कारण तिचा त्यांच्या घराशी संबंध आहे.

आपल्या भूमीतही अशी साक्ष विपुल आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली चार ब्राँझ शिल्पे सापडली. त्यांत दोन बैल जुंपलेला व उभ्या माणसाने हाकलेला रथ आहे, आणि म्हैसही आहे. बिहारमधील रामपुरवा येथील अशोकस्तंभावरचा बैल आज राष्ट्रपती भवनात आहे. त्याचे वशिंड, गळ्याखालची लोंबती कातडी आणि स्थिर उभे राहण्याची ढब पाहिली, की शिल्पकाराने जिवंत बैलापुढे पुष्कळ वेळ घालवला असावा याविषयी शंका उरत नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर झुंजणाऱ्या दोन बैलांचे चित्र आहे. खाली गेलेली डोकी, ताणलेल्या माना आणि मागच्या पायांवर आलेला जोर त्यात दिसतो. सहलीला गेलेली आपली मुले आता त्या चित्रापुढे थांबतात, कारण तो जोर कागदावर आणणे किती अवघड आहे हे त्यांना ठाऊक असते.

पाली वाङ्मयातील गुराखी

बौद्ध संस्थेच्या शाळेत या विषयाला आणखी एक आधार आहे आणि तो बहुतेकांना अपरिचित आहे. मज्झिम निकायात महागोपालक सुत्त नावाचे तेहतिसावे सुत्त आहे. त्यात तथागतांनी भिक्खूंना उपदेश करताना कुशल गुराख्याचे अकरा गुण सांगितले आहेत. तो गुराखी जनावराचे रूप ओळखतो आणि लक्षणे जाणतो. तो माश्यांची अंडी काढून टाकतो, जखमेवर उपचार करून ती झाकतो, डास-माश्यांपासून रक्षणासाठी धूर करतो. त्याला पाण्याचा उतार कळतो, जनावर पाणी प्यायले की नाही हे कळते, वाट कळते, कुरण कळते. तो वासरासाठी दूध राखून धार काढतो. आणि कळपाचे नेतृत्व करणाऱ्या वळूंना तो विशेष मान देतो.

यातील प्रत्येक गुणाला सुत्तात भिक्खूच्या साधनेतील एक समांतर गुण जोडलेला आहे. माश्यांची अंडी काढणे म्हणजे मनात उठलेले अकुशल विचार दूर करणे. धूर करणे म्हणजे ऐकलेला धम्म इतरांना सविस्तर सांगणे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र यात दुसरीही एक गोष्ट दिसते. ज्या काळी यज्ञात पशूंचे बळी देणे हा धर्म मानला जाई, त्या काळी तथागतांनी आपल्या उपदेशासाठी दृष्टान्त निवडला तो गुराख्याच्या कामाचा. त्या कामातील बारकावे जाणले आणि त्याला ज्ञानाचा दर्जा दिला.

लगेच पुढचे चूळगोपालक सुत्त हे वर्तनाच्या दृष्टीने त्याहूनही बोलके आहे. मगधातील एक अविचारी गुराखी काठ न तपासता, उतार नसलेल्या जागी गुरे गंगेत घालतो आणि ती मध्यधारेत नाश पावतात. शहाणा गुराखी आधी नदी पाहतो. मग तो क्रमाने कळपाचे पुढारी वळू, बळकट गुरे, तरुण गुरे आणि शेवटी वासरे व अशक्त जनावरे उतरवतो. त्या दिवशी जन्मलेले कोवळे वासरूही आईच्या हंबरण्याच्या आधाराने पैलतीरी पोहोचते. गाय आणि वासरू एकमेकांना आवाजावरून ओळखतात, प्रत्येक गायीच्या हाकेत तिची स्वतःची खूण असते, हे आता ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणातून दाखवले गेले आहे. अनुभवी जनावरांमागे कळप जातो, हेही आजचे अभ्यासक नोंदवतात.

तिसरी कथा नंदिविसाल जातकाची. तक्षशिलेतील एका ब्राह्मणाचा बैल शंभर गाड्या ओढण्यास समर्थ असतो. पैज लागते, पण मालक त्याला सर्वांसमक्ष अपशब्दाने हाकारतो आणि बैल जागचा हलत नाही. दुसऱ्या वेळी मालक सन्मानाने बोलतो आणि बैल शंभर गाड्या ओढून नेतो. जातककथा हा प्रयोगाचा पुरावा नव्हे, हे आम्ही मुलांना स्पष्ट सांगतो. कालाम सुत्ताचा आदर करणाऱ्या शाळेत ग्रंथात आहे म्हणून खरे असे चालत नाही. पण या कथेतील विधान तपासता येण्याजोगे आहे आणि ते तपासले गेलेही आहे. ऑस्ट्रेलियात पॉल हेम्सवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या गोठ्यांत माणसे गायींना दटावतात, मारतात, तेथील गायी माणसाला अधिक भितात आणि त्या भीतीचा दुधाच्या उत्पादनावर विपरीत परिणाम होतो.

प्रत्यक्ष तास

आता या तासात नेमके काय चालते ते सांगतो. साधने साधी आहेत: कोळशाची कांडी, खडू, पाठकोरे कागद, चिकणमाती आणि एक घड्याळ.

पहिला अभ्यास ओळखीचा. प्रत्येक विद्यार्थी एकच जनावर निवडतो आणि त्याचे व्यक्तिचित्र काढतो. शिंगांची वळणे, कानांची ठेवण, कपाळावरचा ठिपका, नाकाडावरच्या रेषा हे सारे त्यात आले पाहिजे. गायीच्या नाकाडावरील रेषांचा नमुना माणसाच्या बोटांच्या ठशांसारखा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि ओळख पटवण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो. मग चित्रे एकत्र मिसळून दुसऱ्या गटाला देतात आणि चित्रावरून जनावर शोधायला सांगतात. जे चित्र पाहून जनावर सापडते ते चांगले चित्र. येथे सुबकपणाला गुण नाहीत. जनावरेही एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात. केंब्रिजजवळील बाब्राहम संस्थेतील संशोधकांनी २००१ साली दाखवले, की मेंढ्या इतर पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवू शकतात. त्यानंतर ‘मेंढरासारखा’ हा शब्द मुले जरा जपून वापरतात.

दुसरा अभ्यास डोळ्याचा. शेळीच्या डोळ्यातील बाहुली आडवी, चिरेसारखी असते. शेळी मान खाली घालून चरू लागली, की ती चीर उभी व्हायला हवी; पण मुले वाकून पाहतात तेव्हा ती जमिनीला समांतरच असते. शेळीचा डोळा खोबणीत ५० अंश किंवा त्याहून अधिक फिरतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले आहे. आडव्या बाहुलीमुळे चरता चरता क्षितिजाचा मोठा पट्टा नजरेत राहतो आणि हिंस्र श्वापद लांबूनच दिसते.

तिसरा अभ्यास वर्तुळाचा. गायीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे तिला सभोवारचा सुमारे ३३० अंशांचा परिसर दिसतो. थेट पाठीमागची जागा तेवढी अंध असते. एक विद्यार्थी मोकळ्या जागेतल्या गायीकडे सावकाश चालत जातो. ती मान वळवते ती जागा आणि ती पाऊल उचलते ती जागा, दुसरा विद्यार्थी चुन्याने खूण करतो. निरनिराळ्या दिशांनी असे केले, की गायीभोवती एक अदृश्य कुंपण चितारले जाते. त्याच्या आत शिरले की ती सरकते, बाहेर आले की थांबते. काठी न उगारता गुरे हलवण्याचे रहस्य या आकृतीत आहे. माणसाळलेल्या गायीचे कुंपण लहान असते, मार खाल्लेलीचे मोठे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापिकेने याच विषयात मोलाचे काम केले. त्या स्वमग्न आहेत आणि आपण शब्दांऐवजी चित्रांतून विचार करतो असे त्या सांगतात. गुरे ज्या अरुंद वाटेने नेली जातात त्या वाटेत त्या स्वतः उतरल्या, गुरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले आणि त्यांना कळले, की जमिनीवरची सावली, लोंबती साखळी किंवा कुंपणावर टाकलेला कोट यांनी जनावर थबकते. त्यांनी रेखाटलेल्या आराखड्यांनी पुढे गुरे हाताळण्याच्या जागांची रचनाच बदलली.

चौथा अभ्यास नोंदीचा. आधी वर्तनसूची तयार करतात. चरणे, रवंथ करणे, बसणे, चाटणे, माशा हाकलणे, ढुशी देणे अशा प्रत्येक क्रियेचे छोटे रेखाचित्र आणि त्यासमोर नेमकी व्याख्या. ‘गाय रागावली’ हे सूचीत चालत नाही. ‘डोके खाली केले व शिंगे समोर रोखली’ हे चालते. मग दर पाच मिनिटांनी, घंटेबरहुकूम, जनावर काय करत आहे ते लिहायचे. जीन ऑल्टमन यांनी १९७४ साली अशा निरीक्षण-पद्धतींची चिकित्सा केली, तेव्हा एक धोका दाखवला होता. घड्याळाचे बंधन नसेल तर जे डोळ्यांत भरते तेच नोंदले जाते आणि जे शांतपणे घडते ते सुटते. झुंज सर्वांना दिसते, रवंथ कोणालाच दिसत नाही. प्रत्यक्षात गाय दिवसाचे सहा ते आठ तास रवंथ करण्यात आणि दहा ते बारा तास बसून घालवते; ते कमी झाले, की काही बिघडले आहे असे समजावे. इतिहासलेखनातही हाच दोष आढळतो, हे मी तेवढ्यात सांगून टाकतो. लढायांची बखर होते, नांगरणाऱ्याची होत नाही.

या तासाला एक शिस्त सक्तीची आहे. चित्रासाठी जनावराला हुसकावायचे नाही, वासराला आईपासून दूर करायचे नाही, आणि ते अस्वस्थ दिसले तर वही मिटून मागे सरायचे.

कोंबड्यांची उतरंड आणि माणसांची

एका विषयाचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. नॉर्वेचे थोरलीफ श्येल्डरुप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्यांचे वेड होते. त्यांनी वर्षानुवर्षे कोण कोणाला टोचते याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२२ साली त्या अभ्यासातून कळपातील टोचण्याचा क्रम जगापुढे मांडला. सर्वांत वरची कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी तिच्याखालच्यांना, आणि सर्वांत खालची कोणालाच नाही. आपली मुलेही बाणांची आकृती काढून हा क्रम शोधतात.

आणि मग कोणी तरी विचारतेच: म्हणजे उच्चनीचता निसर्गातच आहे का? हा प्रश्न टाळणे म्हणजे मुलांना चुकीच्या उत्तराच्या हवाली करणे. आम्ही त्यांना त्यांच्याच नोंदवहीकडे वळवतो. कोंबड्यांचा क्रम समोरासमोरच्या चकमकीतून ठरतो. नवी कोंबडी आली, एखादी आजारी पडली, की तो पुन्हा मांडला जातो. खालच्या कोंबडीच्या अंड्यातून निघालेल्या पिल्लाला कोणी जन्मतःच खालचे ठरवत नाही. कोणती कोंबडी कोणत्या मातीत लोळेल याचा ग्रंथ नसतो आणि तो क्रम पवित्र आहे असे कोणी शिकवत नाही. जातिव्यवस्था मात्र जन्माने ठरते, पिढ्यान्‌पिढ्या चालते आणि धर्माच्या आधारे टिकते. ती माणसांनी रचली, म्हणून माणसांना मोडता येते. शिवाय, निसर्गात एखादी गोष्ट आढळली एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही. मुलांनी स्वतः काढलेल्या बाणांच्या आकृतीवरून हा भेद समजावला, की तो भाषणापेक्षा खोल रुजतो.

आक्षेपाचा विचार

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात स्पष्ट केले, की जातिव्यवस्था केवळ श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते. या विभागणीचा एक परिणाम असा झाला, की हात एकीकडे राहिले आणि पोथी दुसरीकडे गेली. जनावर ज्याने राखले, जोडले, ओढले, सोलले, त्याला त्याच्या शरीराची व स्वभावाची अंतर्बाह्य माहिती होती. पण त्या माहितीला कोणी विद्या म्हटले नाही, उलट तिच्यामुळे त्याला विटाळ लावला. २०१६ साली गुजरातेत उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना फटक्यांनी मारण्यात आले. ज्यांनी मारले त्यांना गाय पूज्य होती. मात्र पूजा करणे आणि पाहणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रतीक झालेल्या जनावराकडे कोणी पाहत नाही; म्हणूनच पूज्य गाय शहराच्या उकिरड्यावर प्लास्टिक खाताना दिसते.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक शिक्षणात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती, आणि पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतीबरोबर जनावरांच्या स्थितीचाही विचार केला होता. दुसरीकडे, बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. या दोन्ही भूमिका आम्हांस परस्परविरोधी वाटत नाहीत. ज्ञान घ्यावे आणि जन्माने लादलेले काम नाकारावे, हाच दोहोंचा आशय आहे. १९३७ च्या वर्धा योजनेपासून आपल्याकडे हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याचे प्रयोग झाले. तेथे मुलाच्या हातून वस्तू निर्माण होण्याला महत्त्व होते. आपल्या तासात कोणतीही वस्तू निर्माण होत नाही आणि विद्यार्थ्याच्या श्रमाचा कोणालाही लाभ होत नाही. त्यातून निघतो तो फक्त प्रश्न, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार हाच राखोळ्याच्या मुलाला आजवर नाकारला गेला होता.

याचा प्रत्यय वर्गात येतो. ऊसतोड कामगारांची मुले विज्ञानाच्या तासाला पुष्कळदा मागच्या बाकावर मुकी असतात. बैल काढायची वेळ आली, की तीच मुले सांगतात, जुवाखाली खांदा सुजलेला बैल मान कशी तिरकी धरतो आणि दमलेला बैल कोणत्या पायावर भार कमी करतो. त्यांनी सांगितलेले चित्रात उतरते, चित्रातले नोंदीने तपासले जाते, आणि पुस्तकात न सापडणारी बाब त्यांच्या नावाने फळ्यावर लिहिली जाते. घरची जी गोष्ट लपवावीशी वाटत होती, तीच त्यांना वर्गात उभे राहून सांगावीशी वाटते. या मुलांनी पुढे गुरेच राखावीत असे कोणीही म्हणत नाही. त्यांतील कोणी पशुवैद्य होईल. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आणि नागपूरचे १९५८ पासून उभे आहे, आणि तेथील दारे आपल्या मुलामुलींना संविधानाने खुली केली आहेत. कोणी चित्रकार होईल, कोणी वकील होईल. पण पुरावा पाहिल्याशिवाय मत न बनवण्याची आणि मुक्या जिवाच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय त्यांना सर्वत्र उपयोगी पडेल. आपण ज्यांना प्रज्ञा आणि करुणा म्हणतो, त्यांची ही शालेय वयातली तालीम आहे.

माजी विद्यार्थ्यांस विनंती

हा उपक्रम थोडक्या साधनांत चालतो, तरी काही गोष्टींची उणीव भासते. पशुवैद्यकीय सेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांच्या नोंदवह्या तपासाव्यात. चित्रकलेत पुढे गेलेल्यांनी एखादा तास घ्यावा. ज्या पालकांच्या घरी गाय, बैल, शेळ्या किंवा कोंबड्या आहेत, त्यांनी सुटीत घरी आलेल्या मुलाला अर्धा तास वही घेऊन गोठ्यापाशी बसू द्यावे आणि त्या वेळी त्याला दुसरे काम सांगू नये. त्याने काढलेले चित्र पाहावे, त्यात काय चुकले ते आपल्या अनुभवातून सांगावे. आजोबांनी सांगितलेली एखादी खूण मुलाने तारीख घालून वहीत उतरवून आणली, तर ती आम्हांस हवीच आहे. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात क्रमांक देऊन जपून ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे.